जलदुर्ग खांदेरी : एक दर्शन व एक दुरुस्ती

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक मजकूर द्यावा अशी आमच्या चिटणिसांची आज्ञा झाली, आणि त्यासोबत विषयही त्यांनीच नेमून दिला. विषय असा की, खांदेरीच्या जलदुर्गावर आपल्या ज्ञातीने गाजविलेला पराक्रम. आज्ञा शिरसावंद्य, तथापि विषयाचा उत्तरार्ध आम्ही जसाच्या तसा पार पाडू शकलो नाही. तो का, हे पुढे ओघाने येईलच. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक उत्तीर्ण होऊन छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांस शिकविले, एवढीच आमची विद्वत्ता. म्हणून या लेखात जे ठाम आहे तेवढेच सांगण्याचा यत्न केला आहे.

आपण नेऱ्याचे लोक डोंगराच्या कुशीत वाढलेले. सकाळी दार उघडले की समोर प्रबळगड. किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उंच कडा, दमछाक करणारी चढण व माथ्यावरची करवंदीची जाळी उभी राहते. पाण्याच्या मधोमध बेट, बेटावर टेकडी आणि टेकडीस तटाचे कडे, हा किल्ल्याचा दुसरा प्रकार आम्ही वर्गात फळ्यावर अनेकदा काढून दाखविला. पण वयाची साठी उलटेपर्यंत खांदेरीवर मात्र कधी पाऊल ठेवले नव्हते. हे सांगताना संकोच होतो. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. त्या यादीत रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्या पंक्तीस खांदेरीचेही नाव वाचले, तेव्हा त्या संकोचाची लाज झाली. मग पुढच्या हिवाळ्यात आम्ही पाचजण निघालो.

बेटावर जाण्यास रीतसर परवानगी लागते. त्यापायी एका कचेरीच्या तीन खेपा झाल्या व प्रत्येक खेपेस निराळा कागद मागण्यात आला. असो. आमच्यासोबत आमचा एक जुना विद्यार्थी होता. आता त्याची स्वतःची वेल्डिंगची शेड आहे आणि गाडीही त्याचीच. पहाटे पाच वाजता नेरे सोडले. पनवेलच्या पुलावरून गाढी ओलांडताना उजेडही झाला नव्हता.

पेण, वडखळ मागे टाकून धरमतरच्या पुलावर आलो तेव्हा आम्ही गाडी थांबविण्यास सांगितले. मंडळींस वाटले, मास्तरांस चहा हवा. चहा हवा होताच. पण कारण वेगळे होते. ही अंबा नदीची खाडी. हीच वर नागोठण्यास जाते. १६७९ साली दौलतखानाचे मराठी आरमार याच पाण्यात आसऱ्यास येत असे, आणि खांदेरीच्या युद्धाचा एक धागा येथेच बांधलेला आहे. खाली पाहिले तर ओहोटी लागलेली, दोन्ही काठांस राखाडी चिखल उघडा पडलेला, मधून पाण्याची बारीक धार. या चिखलात मोठे जहाज शिरणे शक्य नव्हते, हे पाहताक्षणीच कळते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

पोयनाडच्या बाजूने जाताना चरी गाव जवळ आले. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे येथल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप करून शेते पडीक ठेवली, व नारायण नागू पाटील यांनी त्यांचे नेतृत्व केले. तो इतिहास प्रस्तुत विषयाचा नव्हे. पण आपण आगरी मंडळी त्या गावावरून मुकाट्याने पुढे जाऊ शकत नाही, म्हणून उल्लेख केला.

अलिबागच्या उत्तरेस थळ. तेथून आमची होडी निघाली. किनारा सुटताच पुढ्यात दोन बेटे दिसू लागली. अलीकडचे ठेंगणे, जणू पाण्यावर ठेवलेली परात, ती उंदेरी. पलीकडचे मोठे, दोन टेकड्यांचे, ती खांदेरी. इंग्रजांच्या जुन्या कागदांत या जोडीस हेनरी-केनरी म्हटलेले आढळते. खांदेरीच्या उंच टेकडीवर १८६७ साली बांधलेले दीपगृह आहे व त्याचा पांढरा मनोरा लांबूनच खूण देतो. थळपासून बेट चार-पाच किलोमीटर, मुंबईपासून दक्षिणेस सुमारे वीस. म्हणजे मुंबई बंदरात शिरणारे प्रत्येक जहाज या टेकडीच्या नजरेखालून जाणार. शिवछत्रपतींना हे बेट का हवे होते व इंग्रजांना ते त्यांच्या हाती का नको होते, याचे उत्तर नकाशात आहेच. पण होडीत बसून मान एकदा उत्तरेस मुंबईच्या धुरकट इमारतींकडे व एकदा पुढे खांदेरीकडे वळविली की ते अधिक लवकर उमगते.

आता मुख्य इतिहासाकडे वळू.

महाराजांनी खांदेरी बांधण्याचा पहिला प्रयत्न १६७२ साली केला होता. इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांच्या विरोधामुळे तो तेव्हा सोडून द्यावा लागला. सात वर्षांनी, १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, महाराजांनी पुन्हा माणसे पाठविली. दीडशे माणसे व चार लहान तोफा. त्यांचा नायक मायनाक भंडारी. इंग्रजांनी कळविले की बेट मुंबईचे आहे, चालते व्हा. उत्तर आले की, धन्याच्या हुकुमाशिवाय हलता येणार नाही. आणि दगड रचण्याचे काम चालूच राहिले.

सप्टेंबरात इंग्रजांनी बेटाभोवती शिबाडे आणून उभी केली. हेतू असा की रसद तोडावी, म्हणजे उपासमारीने माणसे आपोआप निघून जातील. १९ सप्टेंबर रोजी थॉर्प नावाचा त्यांचा एक अधिकारी नशेच्या भरात हुकूम मोडून किनाऱ्याशी भिडला व ठार झाला. मग ऑक्टोबरात ‘रिव्हेंज’ नावाचे लढाऊ जहाज आले व सरदार केग्विन आला. (हाच केग्विन पुढे १६८३ साली आपल्याच कंपनीविरुद्ध बंड करून वर्षभर मुंबईचा धनी झाला. माणूस धाडसी खराच.) एकूण आठ इंग्रजी नौका बेटाभोवती फिरू लागल्या.

१८ ऑक्टोबर १६७९. पहाटेच्या अंधारात दौलतखानाची पन्नासच्या आसपास गलबते चौलच्या उत्तरेकडून किनाऱ्याच्या कडेने निघाली व नाळेवरच्या तोफा डागीत अशा वेगाने इंग्रजांवर चालून आली की त्यांना नांगर उचलण्यासही पुरती सवड मिळाली नाही. अर्ध्या तासाच्या आत ‘डोव्ह’ ही इंग्रजी गुराब आपल्यांच्या हाती लागली. बाकीच्या लहान नौका पांगल्या. एकटे ‘रिव्हेंज’ राहिले.

येथपर्यंतची हकीकत आम्ही छत्तीस वर्षे सांगत आलो, व येथेच थांबत आलो. आमच्या टाचणवहीत वाक्य होते की, या दिवशी आपल्या आरमाराने इंग्रजांचा दणदणीत पराभव केला. हे वाक्य मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे, टाळ्या वाजवाव्या आणि तासाची घंटा व्हावी. एके वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगा उठला व म्हणाला, “गुरुजी, मग ती मोठी बोट आपण का नाय पकडली?” आम्ही त्यास खाली बसविले. प्रश्न अभ्यासाबाहेरचा आहे असे काहीसे म्हटल्याचे आठवते. तो मुलगा म्हणजेच आता गाडी चालवून आम्हास येथवर आणणारा.

त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे. ‘रिव्हेंज’ पकडले गेले नाही, कारण त्या दिवशी ते जिंकले. चोहोबाजूंनी वेढलेले असता त्याने तोफांचा असा मारा केला की, इंग्रजांच्या कागदांप्रमाणे, पाच मराठी गलबते बुडाली व उरलेले आरमार माघारी वळले. ‘रिव्हेंज’ने त्याचा नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत पाठलाग केला. पुढे चिखल. पुढे जाता येईना. वर धरमतरच्या पुलाविषयी जे ध्यानात ठेवण्यास सांगितले, ते याकरिता. निवृत्तीनंतर ग्रंथालयात बसून सरकारांचा शिवचरित्राचा ग्रंथ वाचू लागलो, तेव्हा ही हकीकत आमच्या पाहण्यात आली, आणि खरे सांगायचे तर पुस्तक मिटून ठेवले. वाटले, परक्यांच्या कागदांवरून लिहिलेले, कोण जाणे. मन असेच करते. आपणांस हवा तो इतिहास आपण तपासून घेत नाही, आणि नको त्याचा पुरावा मागतो.

पण मग मोठा प्रश्न उभा राहतो. त्या दिवशीची समुद्रावरची लढाई आपण हरलो असू, तर बेट आपल्याकडे राहिले कसे? कारण राहिले, यात कोणासच शंका नाही. नोव्हेंबरात सिद्दीचे आरमारही इंग्रजांच्या मदतीस आले, तरी राहिले. अखेर इंग्रजच वेढा सोडून गेले आणि मार्च १६८० मध्ये त्यांनी महाराजांशी तह केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल रोजी, महाराजांचे निधन झाले. म्हणजे खांदेरी ही त्यांच्या हयातीतली अगदी शेवटच्या काही मोहिमांपैकी एक, आणि ती फत्ते झालेली.

याचे उत्तर आम्हास ग्रंथात मिळाले होते. पण पटले ते खांदेरीवर.

होडी दोन टेकड्यांमधल्या सखल जागी धक्क्यास लागली. उतरताच प्रथम वेताळाचे दर्शन. मूर्ती नाही, पांढरा रंग दिलेला मोठा धोंडा. आसपासच्या कोळी बांधवांची या देवावर फार श्रद्धा, व होळीच्या सुमारास येथे गर्दी होते. आमच्या नाखवाने प्रथम नारळ फोडला, मग आम्हाशी बोलला. आम्हीही हात जोडले.

तटाकडे वळलो. तटावर फिरण्यापूर्वी आम्ही त्याच्या बाहेर, पाण्याच्या कडेस, जमेल तितके गेलो. तेथे जे पाहिले त्याचे वर्णन विस्ताराने करणे अवश्य आहे. तटाच्या पायथ्याशी समुद्राच्या बाजूस मोठमोठे काळे धोंडे बेसुमार टाकलेले आहेत. प्रथमदर्शनी वाटते, पडझड झाली असावी. पण पडझड अशी नसते. धोंड्यांच्या अंगावर कालवे वाढलेली, त्यांच्या कडा पात्यासारख्या. पायातली चप्पल क्षणात फाटली. लाट आली की या धोंड्यांत शिरते, फुटते, तिचे बळ तटास पोहोचण्यापूर्वीच संपते. आणि होडीला तर तेथे लागताच येत नाही. लागली तर तळ फाटेल, आणि माणूस उतरला तर पाय. हीच खांदेरीची पहिली तटबंदी. वरची कोरीव ती दुसरी.

आम्हास त्या क्षणी आमच्या आजोळची आठवण झाली. आजोळ पेणच्या खारपट्टीतले. आमचे आजोबा खारबांधाच्या कामात नाणावलेले. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून चिखल, पेंढा व दगड यांचा बांध घालणे, उघाडीची झडप राखणे, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास रात्रभर कंदील घेऊन बांधावर उभे राहणे, हे त्यांचे आयुष्य. बांधास खांड पडली तर सारे गाव टोपल्या घेऊन धावे. आगर हा शब्दच आपल्या ज्ञातीच्या नावात आहे. मिठागर काय, खारशेत काय, समुद्राशी हुज्जत घालून मिळविलेली जमीन ती. आजोबा म्हणत की समुद्रास भिंत घालू नये, त्यास दमवावे. लहानपणी अर्थ कळला नव्हता. खांदेरीच्या धोंड्यांवर उभे असता तो कळला.

दुर्ग पाहणारास येथे पुष्कळ गोष्टी आहेत. लोखंडी चाकांच्या गाड्यांवर चढविलेल्या तोफा अद्याप उभ्या आहेत. अशा गाड्यांसह तोफा आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आढळतात. गोड्या पाण्याची टाकी आहेत. एक नादमय खडक आहे. त्यावर लहान दगडाने ठोकले असता काशाच्या भांड्यासारखा आवाज येतो. आमच्यापैकी दोघांनी तो इतका वेळ ठोकला की अखेर आम्हास मास्तरकीचा जुना आवाज काढावा लागला. आम्ही सर्व पायऱ्या चढून वर दीपगृहाशी गेलो व पूर्वेकडे तोंड करून बसलो.

तेथून सारा पट दिसतो. पायथ्याशी उंदेरी. पलीकडे थळचा किनारा, नारळी-सुपारीची हिरवी रेघ आणि खत कारखान्याचे धुराडे. त्यामागे सागरगडचा डोंगर. आम्ही नाखवास विचारले की, रात्री जाळ्यास निघता ते केव्हा? तो म्हणाला, मतलई सुटली की. मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा. पाऊस सरला की तो रात्री सुरू होतो व पहाटेपर्यंत टिकतो. दिवसा उलट, समुद्रावरून जमिनीकडे. थळहून मध्यरात्री शीड उभारले की वाराच होडीला ढकलीत खांदेरीपर्यंत आणतो, आणि वारा पडला तर वल्ही आहेतच. एवढे त्याने सांगितले व विडी पेटविली.

खारे वारे व मतलई वारे! हा धडा आम्ही भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षे शिकविला. फळ्यावर बाण काढले. खांदेरीचा धडा इतिहासाच्या तासाला शिकविला. दोन तासांच्या मध्ये फक्त मधली सुट्टी असे. पण ही दोन पाने एकत्र ठेवून पाहण्याची बुद्धी आम्हास एकदाही झाली नाही.

वस्तुस्थिती अशी की, इंग्रजांची मोठी जहाजे दिवसा बलवान होती. त्यांना खोल पाणी हवे, शिडात वारा हवा, आणि नेम धरण्यास उजेड हवा. मराठ्यांच्या होड्या उथळ तळाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. त्या रात्री थळहून व खाड्यांतून निघत, वेढ्याच्या मधून निसटत, बेटावर धान्य, दारूगोळा, माणसे उतरवीत व उजाडण्यापूर्वी परत उथळ पाण्यात शिरत. पाठलाग केला तर पुढे चिखल. सप्टेंबर ते जानेवारी हे असेच चालले. एके दिवशीची लढाई कोणी जिंकली, याने खांदेरीचे भवितव्य ठरले नाही. रोज रात्री होडी पोहोचली की नाही, याने ठरले. तिकडे कंपनी व्यापारी. जहाजे व माणसे अडकून पडलेली, खर्च वाढता, आणि बेटावरचा तट दर आठवड्यास हातभर उंच. १८ ऑक्टोबरास पाच गलबते गेली, तरी त्यानंतरच्या रात्रींत थळच्या होड्या थांबल्या नाहीत. आमच्या मते खरा पराक्रम हाच. आणि तो टाळ्या वाजविण्याजोगा नसल्यामुळे आम्ही तो शिकविला नाही.

या प्रसंगात आपल्या पनवेलचेही नाव येते, हे वाचकांस सांगण्यास आनंद वाटतो. समुद्रावर लढाई चालू असता महाराजांनी कल्याणास फौज उतरवून मुंबईवरच चालून जाण्याचा धाक घातला. ठाण्याच्या वाटेने जाऊ देण्यास पोर्तुगीज तयार होईनात. तेव्हा ती फौज तुर्भ्याच्या समोरच्या पनवेल बंदरास आली व तेथे सात शिबाडांवर चढली. मुंबईवर स्वारी झाली नाही. पण मुंबईकरांची झोप उडाली असेल यात संशय नाही. ज्या गाढीच्या पाण्यावर आपली भातशेते पिकतात, तिच्याच खाडीच्या काठी हे घडले. आज तेथे उभे राहिले असता बंदराची खूणगाठ पटविणे कठीण. पूल, इमारती व गाळ एवढेच दिसते.

पुढचा वृत्तांत थोडक्यात. जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासमाने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. मग दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून बसली. दौलतखानाने उंदेरीवर हल्ला केला, त्यात तो स्वतः जखमी झाला. संभाजी महाराजांच्या कारकीर्दीच्या आरंभी दोनशे माणसे रात्री उंदेरीवर उतरली. ती कापली गेली, व सिद्दीने त्यांपैकी ऐंशींची मस्तके टोपल्यांतून माझगावास नेली. पुढे खांदेरी कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यात आली. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर बून मोठ्या तयारीने तीवर चालून गेला व हात हलवीत परतला. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हाच ती इंग्रजांकडे गेली. १९९८ साली बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले, ते यथायोग्यच झाले.

आता चिटणिसांच्या विषयाचा उत्तरार्ध. त्या दीडशे माणसांत, त्या रात्रीच्या होड्यांत, उंदेरीच्या त्या ऐंशींत आपल्या ज्ञातीचे कोणी होते काय? बैठकीत आपल्यापैकी एका उत्साही तरुणाने सुचविले की मायनाक हा मूळचा आपलाच, असे लिहून टाकावे, कोण विचारतो? आम्ही विचारतो. सभासदाच्या बखरीत आरमाराचे दोन सुभेदार सांगितले आहेत. एक दर्यासारंग, त्यास मुसलमान म्हटले आहे; दुसरा मायनाईक, त्यास भंडारी म्हटले आहे. दौलतखानाचे नाव तर स्वतःच बोलते. भंडारी बांधवांचा हा मान त्यांचा आहे. शेजाऱ्याच्या अंगणातला माड आपला म्हणून सांगितल्याने आपल्या घरात नारळ येत नाही.

राहिले ते बिननावाचे लोक. थळपासून पेणपर्यंतच्या किनाऱ्यावर तेव्हाही कोळी, भंडारी, आगरी हेच राहत होते. होडी वल्हविणारे, धोंडे वाहणारे, टोपल्या उचलणारे दुसरीकडून कोठून येणार? आपले पूर्वज त्यांत असणे अत्यंत संभवनीय आहे. तो धोंड्यांचा बांध पाहताना आमच्या मनाने तर तसा कौलच दिला. परंतु मनाचा कौल म्हणजे पुरावा नव्हे, व ज्याने छत्तीस वर्षे एक चुकीचे वाक्य शिकविले, त्याने उतारवयात दुसरे जन्मास घालू नये. मस्तकांची मोजदाद राहिली, नावे राहिली नाहीत. म्हणून या लेखात ज्ञातीच्या पराक्रमाचा परिच्छेद नाही, याबद्दल चिटणिसांनी क्षमा करावी.

उतरताना आम्ही त्या जुन्या विद्यार्थ्यास म्हटले की, तुझा एक प्रश्न आमच्याकडे थकला आहे. त्यास प्रश्न आठवेना. आम्ही आठवण करून दिली, उत्तरही सांगितले. तो तटाच्या तळाकडे पाहत म्हणाला, “गुरुजी, एवढा दगड रात्रीचा रचला असेल तर वेल्डरपेक्षा कठीण काम.” मग त्याने विचारले, की तेव्हा त्यांना मजुरी काय मिळत असेल? हाही प्रश्न अभ्यासाबाहेरचा. यावेळी आम्ही त्यास खाली बसविले नाही.

परतताना ओहोटी असल्यामुळे थळच्या किनाऱ्याआधीच होडी गाळात रुतली व आम्हास गुडघाभर चिखलातून चालत यावे लागले. ‘रिव्हेंज’ची अडचण आमच्या धोतरास चांगलीच समजली.

जाता जाता ज्ञातिबांधवांस एक विनंती. आपल्या कित्येक घरांतून माळ्यावर, पेटाऱ्यात, देव्हाऱ्यामागे जुनी कागदपत्रे पडून आहेत. खारबांधाचे करार, खोताच्या पावत्या, बंदरावरील जकातीचे कागद, क्वचित एखादी सनद. घर पाडून नवे बांधताना ती रद्दीत जातात किंवा वाळवी खाते. गेल्या दोन वर्षांत नेरे परिसरातच अशी दोन दप्तरे नाहीशी झाल्याचे आमच्या कानी आले. कृपा करून ती टाकू नयेत. वार्षिक संमेलनाच्या दिवशी सोबत आणावीत. त्यांत एखाद्या होडीचे, बांधाचे, माणसाचे नाव निघाले तर पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ते कागदासकट छापू. मूळ कागद त्याच दिवशी मालकास परत मिळेल. कागद मोडीत असला तरी हरकत नाही. निवृत्तीनंतर मोडी शिकलो आहोत. वाचता येते, मात्र हळू.